काचपेटीवरचा दिवा

दिवाळी अंकात दिव्याविषयी लिहावयाचे म्हटले की लेखणी आपोआप पणतीकडे वळते. परंतु या वेळी ज्या दिव्याची हकीकत सांगावयाची आहे तो उंबरठ्यावर नसतो आणि तुळशीपाशीही नसतो. तो असतो पाण्यावर, काचेच्या पेटीच्या झाकणात उलटा टांगलेला. त्याच्याखाली जे जीव राहतात त्यांना पापण्या नाहीत. दिवा नकोसा झाला तरी डोळे मिटून घेण्याची सोय देवाने त्यांना दिलेली नाही. आपण बटण दाबू तेव्हा त्यांचा दिवस उगवतो आणि आपण विझवू तेव्हा रात्र होते. घरातल्या इतर कोणत्याही प्राण्यावर आपली एवढी सत्ता चालत नाही. मांजरावर तर मुळीच नाही.

या विषयाला निमित्त झाली आमची नात. गेल्या दिवाळीत ती टँकसमोर मांडी घालून बसली होती आणि एकाएकी म्हणाली, "आजोबा, तुमच्या लहानपणी एलईडी नव्हता ना? मग तेव्हाचे मासे अंधारात राहत होते?" तिला नाही म्हणून सांगितले खरे, पण मग ते कशाच्या उजेडात राहत होते, हे सांगू लागलो तेव्हा ध्यानात आले की या दिव्याला चांगला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला शेवटचा पन्नासएक वर्षांचा भाग धंतोलीतल्या आमच्या बैठकीत घडलेला आहे.

धंतोली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सीताबर्डीच्या दक्षिणेला, वर्धा रोडला लागून ही वस्ती आहे. एके काळी वकील, प्रोफेसर आणि डॉक्टर यांचे बंगले, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब, आणि संध्याकाळी १९२८ साली स्थापन झालेल्या रामकृष्ण मठातली आरती. आता बंगल्यांच्या जागी इमारती उठल्या आहेत आणि दवाखाने तर इतके झाले आहेत की चंद्रपूर-गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतची माणसे आपापली दुखणी घेऊन येथे येतात. त्यातल्या पुष्कळशा दवाखान्यांत, नंबर लागेपर्यंत जेथे बसावे लागते तेथे, एक फिशटँक असतो. माशांचे आणि धंतोलीचे नाते हे असे आहे. त्याकडे पुढे वळू.

मासे पाळणे माणसाला नवे नाही. चीनमध्ये सुंग राजांच्या काळी सोनेरी मासे हौदांत पोसले जात. आपल्याकडे देवळांच्या कुंडांत आणि विहिरींत मासे सोडीत. परंतु या सगळ्यात मासा दिसे तो वरून. त्याला समोरासमोर, डोळ्याला डोळा देऊन पाहावयाचे तर मोठी, स्वच्छ काच हवी, आणि काच ही फार दिवस श्रीमंताघरची वस्तू होती. इंग्लंडात काचेवर कर असे. तो १८४५ साली उठला आणि मध्यमवर्गाच्या घरात काच शिरली. पुढच्याच वर्षी ॲना थिन नावाच्या बाई समुद्रकाठाहून जिवंत प्रवाळ घेऊन लंडनला आल्या. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात पुन्हापुन्हा ओतावे लागे, आणि ते काम त्या मोलकरणीकडून करवून घेत. हौस बाईंची आणि हात मोलकरणीचे! हा प्रकार आपल्याकडच्या वाचकांना परका वाटू नये.

त्या मोलकरणीची सुटका केली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. पाणवनस्पती उजेडात असल्या म्हणजे त्यांच्या पानांतून प्राणवायूचे बुडबुडे निघतात, अंधारात निघत नाहीत, हे यान इंगेनहाऊस या डच वैद्याने १७७९ सालीच दाखविले होते. वॉरिंग्टनने बारा गॅलनच्या पेटीत दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही लांब फितीसारख्या पानांची वनस्पती आणि काही गोगलगाई एकत्र ठेवल्या. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी तो घ्यावा, कुजकी पाने गोगलगाईंनी खावीत, असा हा संसार. १८५० साली त्याने तो विद्वानांपुढे मांडला. त्यानंतर १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गवेड्या लेखकाच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला.

आता या संसाराला चालना देणारा जो मुख्य कर्ता, तो पेटीत नव्हताच. तो खिडकीबाहेर होता. सूर्य! पहिल्या पिढीतले सगळे फिशटँक खिडकीत ठेवलेले असत. पण खिडकीचा उजेड येतो बाजूने, आणि तळ्याला तो मिळतो वरून. बाजूच्या उजेडाने काचेवर हिरवे शेवाळ दाट माजे आणि आठवडाभरात मासे दिसेनासे होत. म्हणून वॉरिंग्टनने मागची बाजू तिरपी असलेली पेटी काढली, म्हणजे उजेड वरूनच पडावा. दिवा झाकणात का असतो, या प्रश्नाचे उत्तर विजेच्या आधीचे आहे ते असे.

खिडकीतल्या सूर्याला आणखी एक खोड होती. तो इंग्लंडात पुरत नसे आणि आमच्याकडे उरत असे. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो आणि रात्री ट्यूब लावलेल्या आपल्या खोलीत तो जेमतेम शे-दोनशे लक्स असतो. आपले डोळे इतके समजूतदार की त्यांना हा हजारपटींतला फरक जाणवत नाही. बैठकीत आपण मजेत वर्तमानपत्र वाचतो. वनस्पतीची मात्र तेथे उपासमार होते. फिशटँक खिडकीतून उठून बैठकीच्या कोपऱ्यात आला त्या दिवशीच त्याला स्वतःच्या दिव्याची गरज लागली.

एडिसनचा बल्ब १८७९ चा. मुंबईत विजेचे दिवे लागले ते १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात. ज्या कंपनीने ते लावले ती पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केट निमूटपणे पुन्हा गॅसबत्तीवर आले. त्याच मार्केटात, म्हणजे आताच्या महात्मा ज्योतिबा फुले मंडईत, पुढे रंगीत माशांची दुकाने थाटली गेली. मुंबईहून मासे आणणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी ते तेथूनच आणले असतील, पण आपण मुंबईतल्या पहिल्या विजेच्या दिव्यांखाली उभे आहोत हे त्यांना कोणी सांगितले नसेल.

आमच्या घरी मासे आले ते १९७० नंतरच्या दशकात, मी शाळेत असताना. बाबा वकील होते. अशिलाने फीऐवजी दिलेल्या वस्तू आमच्या घरी बऱ्याच होत्या, आणि हा टँक त्यांपैकी एक. लोखंडी पट्ट्यांची चौकट, त्यात लांबीने बसविलेल्या काचा, दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. वर पत्र्याचे झाकण, आतून पांढरा रंग दिलेले, आणि त्यात आडवे बसविलेले ४० वॅटचे दोन बल्ब. ओल्या हाताने त्या झाकणाला शिवले की बोटांना मुंग्या येत. आई म्हणे, "मासे पाळलेत की वीज?" एखादे वेळी पाण्याचा शिंतोडा तापलेल्या बल्बवर उडाला की फट्‌ आवाज होऊन बल्ब फुटे आणि काचेचे कण गोळा करण्यात एक सुट्टी जाई.

पण तो उजेड! तांबूस-पिवळा, सांजेच्या उन्हासारखा. सोनेरी मासे त्यात खरोखर सोन्याचे वाटत. बल्बचे कौतुक करणारे जुने लोक आजही हेच सांगतात, आणि ते खोटे नाही. बल्बच्या प्रकाशात तांबडा अंश अधिक आणि निळा फार थोडा. म्हणून तांबडे-पिवळे मासे उठून दिसतात आणि निळ्यांचा रंग मारला जातो.

गोम अशी की बल्ब हा दिवा म्हणून विकला जात असला तरी मुळात ती शेगडी आहे. त्यातली तार पांढरी होईपर्यंत तापवावयाची आणि तापलेपणाचा म्हणून जो थोडा उजेड पडेल तो वापरावयाचा. शंभर भाग वीज खर्चावी तर उजेडाच्या पदरात पाच-दहा भाग पडतात, बाकी सगळी उष्णता. आमचा टँक साधारण ५० लिटर पाण्याचा. दोन बल्बांचे मिळून ८० वॅट. त्यातली निम्मी उष्णता जरी पाण्यात उतरली, तरी हिशेबाने ते पाणी तासाला सुमारे ०.७ अंशाने तापू लागते. काचेतून आणि पृष्ठभागावरून काही उष्णता निघून जाते, म्हणून ते उकळत नाही एवढेच. थंड देशांत ही शेगडी सोयीची होती. उष्ण प्रदेशातले मासे तेथे पाळावयाचे तर पाणी तापवावेच लागे. विजेपूर्वी हौशी लोक टँकच्या तळाला पाटीचा दगड किंवा पत्रा घालून खाली चक्क ज्योत पेटवीत. त्यांच्या दृष्टीने उजेड देता देता ऊब देणारा बल्ब म्हणजे एका कामात दोन कामे. ती चाल आपण जशीच्या तशी उचलली, आणि कोठे, तर नागपुरात!

नागपूरचा उन्हाळा सांगून कळत नाही. २३ मे २०१३ या दिवशी येथे ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली आहे. ४५ अंश तर दर वर्षीचे पाहुणे. आमच्या लहानपणी दारा-खिडक्यांना वाळ्याचे ताटे लावून त्यावर पाणी मारीत आणि दुपारभर अंधारात पडून राहत. अशाच एका मे महिन्यात घरात लग्नाचे पाहुणे होते. पाहुण्यांना मासे दाखवावयाचे म्हणून टँकचे दिवे सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. आमच्याकडे तेव्हा चार एंजल मासे होते, रुपेरी अंगावर काळे पट्टे असलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. मुलांना वाटले, ते बोलताहेत. पाहुण्यांतल्या एका बाईंनी तर कौतुकाने त्यांना शेवयांचा तुकडाही घातला.

बाबांनी संध्याकाळी शेजारच्या डॉक्टरकाकांना हाक मारली. काकांनी आधी माशांकडे पाहिले, मग झाकणावर हात ठेवून तो पटकन काढला, आणि खिशातला तापाचा थर्मामीटर काढून सरळ पाण्यात धरला. पारा ९७ वर गेला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या पेशंटचा ताप आपल्या नॉर्मलजवळ आलेला आहे. माणसाला हे ठीक. माशाला नाही. आधी तो दिवा काढा."

दिवा काढला. पाण्यावर ओले फडके टाकले, पंखा लावला. रात्री दोन एंजल गेले आणि पहाटे उरलेले दोन.

उष्णतेने मासा भाजून मरतो असे नव्हे, तो गुदमरतो. पाणी जितके तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांत साडेसात. ३५ अंशांत सात. इकडे पुरवठा घटतो आणि तिकडे ऊन पाण्यात माशाच्या शरीराची मागणी वाढते. त्यात रात्री दिवे मालवले की वनस्पतीही प्राणवायू देणे थांबवून उलट घेऊ लागतात. बहुतेक मासे पहाटेच का मरतात त्याचे कारण हे. आम्ही मुलांनी त्या चौघांना कडुनिंबाखाली पुरले. ज्या दिव्याने ते सुंदर दिसत होते त्यानेच त्यांना मारले, हे बाबांच्या मनाला फार लागले. वर्षभर टँक रिकामा होता.

मग घरात ट्यूब आली. फ्लुओरेसंट नळी अमेरिकेत १९३८ साली बाजारात आली होती. आपल्या टँकवर यायला तिला तीन-चार दशके लागली. नळीत थोडा पारा असतो. त्याच्या वाफेतून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि नळीच्या आतला पांढरा लेप त्यांचे दिसणाऱ्या उजेडात रूपांतर करतो. तापलेल्या तारेचे काम नाही. म्हणून तेवढ्याच विजेत बल्बच्या चार-पाचपट उजेड. आमच्या बाबांनी दोन फुटी, २० वॅटची ट्यूब बसविली आणि तिचा चोक मुद्दाम झाकणाबाहेर, भिंतीवर लावला, कारण चोकही तापतो. एंजल गेल्यापासून ते प्रत्येक वस्तूला हात लावून पाहत.

ट्यूबने जे दाखविले ते बल्बने कधी दाखविले नव्हते. निऑन टेट्रा या बोटाच्या पेराएवढ्या माशाचे शास्त्रीय नामकरण १९३६ साली झाले. फिलाडेल्फियातले मत्स्यप्रेमी विल्यम इनेस यांचे नाव त्याला दिलेले आहे. त्याच्या अंगावरची निळी रेघ रंगाची नाहीच. कातडीतल्या अतिसूक्ष्म चकत्यांवरून उजेड परतताना ती निळी भासते. निळा उजेड पडलाच नाही तर परतणार काय? ट्यूबखाली ते वीस टेट्रा पहिल्यांदा सोडले तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थांबली. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली आठ लाख रुपये खर्चून उभे राहिले, त्यातले दोन लाख तारापोरवालांचे दान, आणि उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद. तेथे आपण अंधारात आणि मासे उजेडात असा थाट असे. आमच्या बैठकीतही मग रात्री बाकीचे दिवे मालवून तसेच बसण्याची चाल पडली.

ट्यूबचे दोष मात्र लवकर दिसत नाहीत. ती जळून जाण्याच्या पुष्कळ आधी म्हातारी होते. आपल्याला ती लखलखीत वाटते, पण लेप थकलेला असतो आणि उजेडाचा कस उतरलेला. व्हॅलिस्नेरियाची पाने पिवळी पडू लागली की जाणकार खत घालण्याआधी ट्यूब बदलीत. दुसरा दोष पाऱ्याचा. फुटलेली ट्यूब आपण बेधडक कचऱ्यात टाकली, वर्षानुवर्षे टाकली. तो पारा कोठे गेला याचा विचार कोणी केला नाही. अखेर २०२३ साली जिनिव्हा येथे पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातल्या देशांनी अशा नळ्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत बंद करावयाचे ठरविले. म्हणजे या लेखातले एक पात्र आता निरोप घेण्याच्या बेतात आहे.

ट्यूबच्याच काळात फिशटँक धंतोलीच्या दवाखान्यांत शिरला. शोभेसाठी असेल, वास्तुशास्त्रवाल्यांच्या सल्ल्याने असेल. पण त्यामागे एक खरे शास्त्रही निघाले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले आरन कॅचर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली असे दाखविले की टँककडे पाहत बसलेल्या माणसाचा रक्तदाब उतरतो. पुढच्या वर्षी त्यांनी दाताच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रोग्यांना आधी टँकसमोर बसवून पाहिले, तर त्यांची धास्ती कमी झालेली आढळली. हे वाचल्यापासून दवाखान्यातल्या त्या टँककडे मी निराळ्या नजरेने पाहतो. रिपोर्ट हातात घेऊन बसलेला गडचिरोलीचा कोणी शेतकरी, शेजारी त्याची बायको. दोघेही एकमेकांशी बोलत नाहीत, दोघांचेही डोळे त्या माशांवर. त्या वेळी तो दिवा रोग्यासाठी जळत असतो, हे खरे. मासे तेथे दिवसाचे चौदा-चौदा तास ड्यूटीवर असतात, हेही खरे.

आणि मग आला एलईडी. त्याची वंशावळ ट्यूबहून तरुण असली तरी फार तरुण नाही. डोळ्यांना दिसणारा तांबडा उजेड देणारा दिवा निक होलोन्याक याने १९६२ साली केला. हिरवाही निघाला. निळा काही केल्या निघेना, आणि निळ्यावाचून पांढरा होत नाही. तेजस्वी निळा दिवा जपानमधल्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली जगापुढे ठेवला. त्याच्यावर पिवळ्या लेपाचा थेंब दिला की निळा आणि पिवळा मिळून पांढरा. या निळ्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्याशा दिव्याला नोबेल, म्हणून काहींनी नाके मुरडली. ज्यांनी मे महिन्यात मासे पाळले असतील त्यांनी मुरडली नसतील.

आपल्याकडे २०१५ च्या जानेवारीत सरकारची उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत जो एलईडी बल्ब २०१४ साली ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ साली ३८ रुपयांवर आला. त्याच २०१५ च्या मार्चमध्ये तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर पुन्हा उघडले, बारा फुटी काचबोगद्यासह, आणि तेथल्या टाक्यांवरही एलईडी आले. आमच्या घरी तो पुढल्या वर्षी आला.

हिशेब सरळ आहे. रोज दहा तास दिवा लावला तर बाबांचे दोन बल्ब महिन्याला २४ युनिट वीज खात. ट्यूब, चोकचा खर्च धरून, सात-साडेसात युनिट. त्याच टँकवरचा १० वॅटचा एलईडी तीन युनिट. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट निराळीच आहे. उजेड आणि ऊब यांची गाठ चुलीपासून बल्बपर्यंत कोणाला पुरती सोडविता आली नव्हती. ट्यूबने ती सैल केली, एलईडीने बरीचशी सोडविली. एलईडी तापत नाही असे नव्हे. तो पाठीमागून तापतो, धातूच्या पट्टीत, आणि ती ऊब पाण्याकडे न जाता वर हवेत जाते. नागपुरातल्या माशासाठी हे जीवदान आहे. शिवाय त्याला हळूहळू उजळविता येते. अंधाऱ्या टँकवर ट्यूब एकदम पेटली की मासे दचकून काचेवर आपटत. आता पंधरा-वीस मिनिटांत उगवणारी सकाळ विकत मिळते. पापण्या नसलेल्या जिवाला याहून चांगली भेट कोणती द्यावी?

मग तक्रार नाहीच काय? आहे. एलईडी आल्यावर महिन्याभरात आमचा टँक हिरवागार झाला. काचेवर शेवाळ, दगडांवर शेवाळ, पानांवर शेवाळाचे केस. मी सीताबर्डीवरच्या माशांच्या दुकानात गेलो आणि आणखी प्रखर दिवा मागितला, कारण झाडे मागे पडताहेत असा माझा तर्क. दुकानातल्या पोराने विचारले, "किती तास लावता, काका?" म्हटले, "सकाळी सहा ते रात्री अकरा. वीज तर काहीच लागत नाही." तो हसला. "मग तुम्ही उजेड विकत घेऊन राहिले की शेवाळ? आठ तास करा. टायमर लावा, अन् दिवा घरीच आहे तो राहू द्या." त्याने माझ्याकडून प्रखर दिव्याचे पैसे न घेता टायमरचे घेतले. स्वस्ताईचा हा दोष आहे. बल्बच्या काळी बिलाच्या आणि उष्णतेच्या धाकाने आपण दिवा वेळेवर मालवीत होतो. तो धाक गेला आणि माशांची रात्रही गेली. रात्रभर निळे 'चांदणे' लावून ठेवण्याची जी टूम निघाली आहे ती तर मला मुळीच पसंत नाही. खऱ्या चांदण्यालाही महिन्यातून एकदा अमावास्या असते.

दुसरी तक्रार मला २०१८ च्या डिसेंबरात कळली. २९ तारखेला नागपूरचे तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले. आदल्या रात्रीच घरात हात गारठत होते. नऊच्या सुमारास पाहतो तो टेट्रा सगळे एका कोपऱ्यात तळाशी, रंग उडालेले, हालचाल नाही. थर्मामीटर आता टँकमध्येच असतो. पाणी १८ अंश. बल्बच्या काळी असे कधी झाले नव्हते, कारण हिवाळ्यात तीच शेगडी माशांना पुरे. दिव्यातली ऊब आपण काढून टाकली, पण तिच्या जागी काही ठेवावे लागेल हे सुचले नव्हते. त्या वेळी हीटर कोठून आणणार?

माळ्यावरून बाबांचे पत्र्याचे झाकण काढले. आतला पांढरा रंग पोपडे धरून गेलेला. वायर नवी जोडली, आणि ४० चे दोन बल्ब शोधता शोधता सगळे घर पालथे घातले. एक देवघरात मिळाला आणि एक शेजारच्यांकडे. रात्रभर मी खुर्चीत बसून होतो, दर तासाला पारा पाहत. सकाळी सहाला पाणी २१ अंश झाले होते आणि टेट्रा कोपऱ्यातून निघून मधोमध आले होते, त्या जुन्या पिवळ्या उजेडात निळी रेघ मळकट दिसत असलेले. मी ताबडतोब झाकण काढले नाही. दुकाने दहाला उघडतात. हीटर आणून, पाण्यात बसवून, त्याचा तांबडा ठिपका लागलेला पाहिल्यावरच काढले.

नातीला हे सगळे सांगून होईपर्यंत आठ वाजले होते, आणि टायमरने आपले काम करून टँक हळूहळू मंद होत गेला. बाहेर फटाके चालू होते. माशांना ते आतल्या कानाने आणि अंगावरच्या रेषेनेही जाणवतात, म्हणून आम्ही टँकखाली जाड सतरंजी घातली होती. तिने काचेला नाक लावून पाहिले आणि विचारले, "आता यांची निळी रेघ गेली?" रात्री ती रेघ खरोखरच फिकी होते. मी म्हटले, "झोपेत जाते ती. सकाळी येईल." मग तिने मला माळ्यावरचे झाकण काढून दाखवायला लावले.